लेझर टॅग खेळून सोडवलेलं कोडं: कोल्हापूरचा अनुभव आणि एक तक्रार

दूधकट्टा

मंडळी, लांबलचक लिहितोय. तोंडी सांगायला गेलो की समोरचा "म्हणजे बंदुका घेऊन पळत होता व्हय" एवढंच ऐकतो आणि खरी गंमत राहून जाते. म्हणून इथं नीट सांगतो.

आधी एक गोष्ट. ट्रेझर हंट वेगळा, पझल हंट वेगळा. ट्रेझर हंटच्या चिठ्ठीत निदान कुठं जायचं याचा इशारा तरी असतो. पझल हंटमध्ये करायचं काय हेच सांगत नाहीत. समोर एखादा कागद, वस्तू किंवा खेळ ठेवतात आणि त्यातून शेवटी एक शब्द निघाला पाहिजे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९८१ पासून असा हंट होतो, आणि जिंकणाऱ्या टीमनं पुढच्या वर्षीची कोडी रचायची अशी तिथली रीत आहे. आमचा हंट घरगुती. कॉलेजच्या जुन्या पोरापोरींनी घातलेला घाट, सात टीम, सात कोडी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

चौथं कोडं लेझर टॅगचं होतं. फुलेवाडीच्या बाजूला एका मंगल कार्यालयाचा हॉल त्या दिवशी रिकामा होता. मांडववाल्याकडनं काळं कापड आणि बांबू आणून आत गल्ल्याबोळ केले होते. किट भाड्याचं. प्रत्येकाला एक जॅकेट आणि एक बंदूक. सेन्सर पाच: छाती, पाठ, डावा खांदा, उजवा खांदा, आणि पाचवा बंदुकीवरच. वेळ बारा मिनिटं. आत आयोजकांचे पाच रक्षक फिरत होते आणि त्यांच्या पाठीवर नावं होती: ओठ, दात, मूर्धा, टाळू, कंठ. आत जायच्या आधी हातात एक कागद दिला. त्यावर तीनच ओळी:

आधी स्पर्श, मग उच्चार.
वाट ओठांतून आत जाते.
काना-मात्रा तुम्ही द्या, टिंब विसरू नका.

आमची टीम म्हणजे मी, वहिनी, मामा (वय ५८, गुडघे दुखरे) आणि तालमीतले दोन मित्र, दोघंही फुटबॉलवाले. आत शिरल्या शिरल्या आम्ही ठरवलं की मूर्धा म्हणजे डोकं, तर हाच म्होरक्या. चौघं त्याच्या मागं लागलो. समोरनं मारलं, मागनं मारलं, खांद्यावर मारलं. त्याचं जॅकेट एकदाही लुकलुकलं नाही. चार मिनिटं गेली.

मामा एका बांबूला टेकून उभे होते. त्यांना पळायचं नव्हतं, त्यामुळं त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनीच ओरडून सांगितलं, "अरे, त्या ओठाला डावीकडनंच लागतंय. समोरनं मारू नका!" तिथनं खेळ फिरला. प्रत्येक रक्षकाचा एकच सेन्सर चालू होता, बाकीचे आतून झाकलेले. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, मारूनच कळायचं. मग एका मित्रानं दात नावाच्या रक्षकाला कोपऱ्यात असा अडवला की त्याला डावा खांदा पुढं करावाच लागला. मैदानात बॅकला जसं बाहेरच्या बाजूला ढकलतात अगदी तसं. दुसऱ्यानं तिथनं नेम धरला. टाळू आणि कंठ सोपे गेले, दोघांची छाती उघडी होती.

बाहेर आल्यावर छापील कागद मिळाला. आकडे छाती, पाठ, डावा खांदा, उजवा खांदा, बंदूक या क्रमानं:

ओठ: ०, ०, ६, ०, ०
दात: ०, ०, ४, ०, ०
मूर्धा: ०, ०, ०, ०, ०
टाळू: ९, ०, ०, ०, ०
कंठ: ७, ०, ०, ०, ०

आम्ही आकडेच घेऊन बसलो. ६, ४, ०, ९, ७. फोन नंबर? गल्लीचा नंबर? पिनकोड? वहिनी स्पीच थेरपिस्ट आहे. लहान मुलांना आरशासमोर बसवून जीभ कुठं टेकवायची हे ती रोज शिकवते. तिनं आकड्यांकडं बघितलंच नाही. ती नावं वाचत होती. मग तिनं माझा हात धरून माझ्याच गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "क म्हण. आता च. ट. त. प." म्हटलं. आवाज अडायची जागा गळ्याकडनं पुढं सरकत सरकत शेवटी ओठांवर आली. क ते म या पंचवीस अक्षरांना स्पर्श व्यंजनं म्हणतात, कारण ती म्हणताना तोंडात कुठंतरी स्पर्श होतोच. कागदावरचा "स्पर्श" तो. आणि टॅग म्हणजे तरी दुसरं काय, शिवाशिवीच की.

पाच रक्षक म्हणजे पाच वर्ग, पाच सेन्सर म्हणजे वर्गातली पाच अक्षरं. ओठाचा वर्ग प फ ब भ म, तिसरा सेन्सर, म्हणून ब. दाताचा तिसरा, द. टाळूचा पहिला, च. कंठाचा पहिला, क. किती वेळा लागलं याला काही अर्थच नव्हता, कुठं लागलं याला होता.

ब द च क.

इथं आमचं चुकलं. "बदक" दिसल्यावर आम्ही थेट रंकाळा तलाव गाठला. च उरतोय याकडं लक्षच दिलं नाही. पाऊण तास तिथं गेला. परत येताना रिक्षात मामा म्हणाले, "टिंब विसरू नका असं लिहिलंय. टिंबाला दुसरा शब्द काय?" बिंदू. बिंदू चौक! तिथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. बाबासाहेब हयात असतानाच, ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले. पुढच्या पेटीचं कुलूप चार आकडी होतं आणि ते १९५० वर उघडलं. पेटी हातात आली तेव्हा आम्ही पाचही जण काही वेळ नुसते त्या पुतळ्यांकडं बघत उभे होतो. लहानपणापासून हजार वेळा त्या चौकातनं गेलोय, पण ते साल कधी असं मनात उतरलं नव्हतं.

कोडं अप्रतिम होतं. तक्रार एकच. मूर्धाचं जॅकेट बंद पडलेलं होतं आणि ते कुणी तपासलं नाही. आमची चार मिनिटं त्यात गेली. आयोजकांपैकी कुणी इथं असेल तर पुढच्या वेळी जॅकेटं आधी तपासून घ्या, ही विनंती.

सोल्डरगन

भारी लिहिलंय. आतून सेन्सर झाकायची कल्पना आवडली, कारण ती वाटते तेवढी सोपी नाही.

लेझर टॅगमध्ये नेम लागतो तो लेझरनं नाही. बंदुकीत टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसला इन्फ्रारेड एलईडी असतो आणि पुढं भिंग. लाल रेघ दिसते ती फक्त दिसण्यासाठी. तो इन्फ्रारेड प्रकाश सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, बऱ्याच किटमध्ये ३८ किंवा ५६ किलोहर्ट्झनं. सेन्सर तेवढ्याच ठेक्याचा प्रकाश ऐकतो, म्हणून बल्बच्या उजेडानं जॅकेट उगीच वाजत नाही. त्या ठेक्यावर बिटांची माळ जाते: कुठला खेळाडू, कुठली टीम, किती मार. घरी किट बनवणारे माइल्सटॅग नावाची पद्धत वापरतात, तिच्यात खेळाडूला ७ बिट आणि टीमला २ बिट. म्हणजे १२८ खेळाडू आणि चार टीम. म्हणून तर कागदावर कुणी कुणाला कुठं मारलं हे इतकं नेमकं छापून येतं.

आता झाकण्याचं. डोळ्याला काळं दिसणारं प्लॅस्टिक इन्फ्रारेड अडवतंच असं नाही. रिमोटचं काळं तोंड बघा, आतून प्रकाश आरपार येतो. त्यामुळं नुसती काळी टोपी घालून भागत नाही. अॅल्युमिनियम फॉइल लावायचं आणि वरनं टेप. तपासायचं असेल तर रिमोटचं बटण दाबून मोबाइलच्या कॅमेऱ्यातनं बघा, बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो.

आणि हॉल निवडला हे उत्तम. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, तिथं पल्ला एकदम कमी होतो.

सांजवात

माझ्या मुलीला दमा आहे. असल्या ठिकाणी धूर सोडतात म्हणून आम्ही वाढदिवसाला दोनदा नाही म्हटलं. तुमच्याकडं धूर होता का? आणि डोळ्यांना काही होतं का?

दूधकट्टा

धूर नव्हता. आयोजकांनी नाव नोंदवतानाच दमा, फिट्स, गुडघे, अंधाराची भीती सगळं विचारलं होतं. चमकणारे दिवेही लावले नव्हते.

सोल्डरगन

@सांजवात, धूर फक्त ती लाल रेघ दिसावी म्हणून सोडतात. नेम लागायला त्याची काहीच गरज नाही, त्यामुळं धुराशिवाय खेळ अगदी तसाच चालतो. बुकिंग करताना बिनधास्त सांगा की धूर नको. इन्फ्रारेडचा एलईडी रिमोटच्याच जातीतला. लाल लेझर असेल तर तो किती शक्तीचा आहे हे बंदुकीवरच्या चिठ्ठीवर बघा. १ मिलिवॉटच्या आतला वर्ग २ चा असला तर डोळा पापणी मिटून स्वतःला वाचवतो, तरी मुद्दाम डोळ्यात धरायचा नाही हे मुलांना बजावायचं. चिठ्ठीच नसेल तर मी माझ्या मुलांना खेळू देत नाही.

नववीगल्ली

मी पण त्याच हंटला होतो, दुसऱ्या टीममध्ये. सगळ्यांना आवडलं हे वाचून बरं वाटलं, पण मला वेगळं म्हणायचंय.

आमच्या टीममध्ये माझी आई होती. वय ६३. शब्दकोडी ती पेपर हातात आल्यावर चहा व्हायच्या आत सोडवते, तिला मुद्दाम म्हणूनच घेतलं होतं. या कोड्यात ती बारा मिनिटं दाराजवळ खुर्चीवर बसली होती. जॅकेट जड, अंधार, पायाखाली कापडाची घडी. आम्हा उरलेल्या चौघांपैकी एकालाही नेम जमेना. आमच्या कागदावर फक्त टाळू आणि कंठ आले. च आणि क यावरनं काय काढणार? कोडं सोडवायची अक्कल आमच्याकडं होती, पण कोड्यापर्यंत पोचायलाच पाय लागत होते. बुद्धीच्या खेळात दम असलेल्यांनाच अक्षरं मिळणार असतील तर ते मला पटत नाही. दुसऱ्यांदा खेळायची संधी मागितली तर वेळ नाही म्हणाले.

तालमीतला

मी दूधकट्टाच्या टीममधला एक. भावा, तुझं दुःख कळतंय. पण आमच्याकडंही पळणाऱ्यांनी काही शोधलं नाही. शोधलं ते उभ्या राहिलेल्या मामांनी. आम्ही दोघं चार मिनिटं मूर्धावर नुसत्या गोळ्या झाडत होतो. आईंना दाराजवळ बसवण्याऐवजी आत मधोमध खुर्ची टाकून बसवलं असतं तर?

नववीगल्ली

मधोमध खुर्ची टाकायची परवानगी आहे हे कुणी सांगितलं होतं? मामांचे गुडघे दुखतात पण ते उभे राहू शकतात. सगळ्यांना तेही जमत नाही. मी आयोजकांवर चिडलेलो नाही. पण या खेळात बसून करायचं काम आधीपासूनच ठेवलेलं असावं. ते आमच्या आम्ही शोधून काढावं अशी अपेक्षा नको.

दूधकट्टा

@नववीगल्ली, तुझं म्हणणं मला पटतंय. आम्हाला मामांमुळं जमलं तो योग होता. कोड्यात तशी सोय केलेली नव्हती. मी वर लिहिताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सांजवात

आणखी एक विचारू? या बंदुका घेऊन पुढं चौकात वगैरे फिरलात का? फोटोत लांबून त्या खऱ्या वाटतात.

दूधकट्टा

नाही नाही. जॅकेट आणि बंदूक हॉलच्या दारातच परत घेत होते. बिंदू चौकात आम्ही फक्त कागद घेऊन गेलो. एवढ्या वर्दळीच्या ठिकाणी खेळण्यातली बंदूक घेऊन पळणं मलाही मान्य नाही.

मोडीवळण

दूधकट्टा, तुमची तक्रार परत एकदा वाचा. मग तुमचा छापील कागद परत एकदा बघा.

मी मोडी कागद वाचते. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, एका रेघेखाली सगळं सलग. वाचणाऱ्याची निम्मी मेहनत शब्द कुठं तुटतो हे शोधण्यात जाते. त्यामुळं अक्षरांची रांग दिसली की माझी नजर आधी फट शोधते.

तुमच्या कागदाच्या ओळी कुठल्या क्रमानं आहेत? ओठ, दात, मूर्धा, टाळू, कंठ. वर्णमालेत वर्ग येतात ते क, च, ट, त, प. उलटे म्हटले तर प, त, ट, च, क. ओठांतून आत. तुम्ही मूर्धाची ओळ टाकून दिली म्हणून तुमच्याकडं ब द च क असं सलग राहिलं आणि त्यात तुम्हाला बदक दिसलं. ती ओळ जागेवर ठेवा:

ब द (रिकामं) च क

दोन अक्षरं, मोकळी जागा, दोन अक्षरं. बिंदू, मग फट, मग चौक. मूर्धाचं जॅकेट बिघडलेलं नव्हतं असं माझं ठाम मत आहे. त्याचे पाचही सेन्सर मुद्दाम झाकले होते. त्यानं काही न बोलणं हेच त्याचं अक्षर.

एक बारीक गोष्ट. आपण मराठीत चौकातला च टाळूवरचा म्हणत नाही. चंद्रातला च टाळूचा. चमच्यातला आणि चौकातला च दातांकडं सरकलेला, त्याला दंततालव्य म्हणतात. वहिनींनी आरशात बघून सांगावं. पण वर्णमालेच्या तक्त्यात दोघांना एकच घर आहे, त्यामुळं कोड्याला बाधा येत नाही.

तालमीतला

आई शप्पथ. अंगावर काटा आला.

दूधकट्टा

मी आत्ता कागद काढून परत बघितला. बरोबर मधली ओळ आहे. पाच शून्यं. आम्ही ती ओळ पेनानं खोडली होती.

तक्रार मागे घेतो. ज्यांनी हे रचलं त्यांची मनापासून माफी मागतो. वहिनीला वाचून दाखवलं. ती लगेच आरशासमोर गेली, चंद्र आणि चौक दहा वेळा म्हणाली. मोडीवळण, च बद्दल तुमचं बरोबर आहे असं तिनं सांगायला सांगितलंय.

सोल्डरगन

आयोजकांनी इथं मोठी जोखीम घेतली होती. बाकी चार जॅकेटांपैकी एक जरी खरंच बंद पडलं असतं तरी दुसरी फट तयार झाली असती आणि खेळणाऱ्याला फरक कळला नसता. मूर्धाचं जॅकेट जिवंत आहे हे दिसायला हवं होतं. म्हणजे दिवे चालू, आवाज चालू, आणि त्यानं मारलं तर लागायला हवं.

तालमीतला

लागत होतं की! मला त्यानं तीनदा मारलं. दिवेही चालू होते. आता आठवतंय.

पडद्यामागं

नमस्कार. हे कोडं रचणाऱ्यांपैकी मी एक. मोडीवळण यांनी सगळं बरोबर ओळखलंय. सात टीमपैकी एकीनंही मूर्धाची फट वाचली नाही. ज्यांनी उत्तर काढलं त्यांनी बाकीच्या चार अक्षरांवरनंच काढलं. त्यामुळं इथं कुणीतरी ती वाचलेली बघून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. "बिंदू चौक" हे नाव सगळंच्या सगळं स्पर्श व्यंजनांचं निघालं, आणि नेमका ट वर्गच त्यात नाही, हे सापडलं त्या रात्री आम्ही झोपलो नव्हतो. बाकी सगळं त्याच्यानंतर रचलं.

सोल्डरगन, मूर्धाला म्हणूनच गोळ्या मारायला सांगितलं होतं. पण तुमची सूचना रास्त आहे, पुढच्या वेळी बाहेर तक्ता लावू की सगळी किटं तपासलेली आहेत.

@नववीगल्ली, तुमचं म्हणणं आम्ही बैठकीत वाचून दाखवलं. दुसरी संधी द्यायला हवी होती, ते आमचं चुकलं. पुढच्या वेळी हॉलच्या मध्ये उंचावर एक बैठक असेल. तिथं बसणाऱ्याला जॅकेट नाही, बंदूक नाही. रक्षकाला लागलं की कुठला दिवा पेटला हे फक्त तिथनंच दिसेल, आणि छापील कागद मिळणार नाही. म्हणजे पळणाऱ्यांना त्या बसलेल्या माणसाशिवाय काहीच करता येणार नाही.

तालमीतला

मस्त! नोव्हेंबरात ९, १०, ११ ला अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीचा किरण देवीपर्यंत पोचतो त्याच दिवसांत हंट ठेवा की. आरशावरनं इन्फ्रारेड फिरवायचं कोडं करा.

पडद्यामागं

आरशाची कल्पना घेतली. पण देवळात आणि त्या तीन दिवसांत नाही. तिथं लोक डोळे भरून बघायला येतात, त्यांच्यामधनं आपण कागद घेऊन पळायचं नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचला चाचणीसाठी लोक हवेत. कुठं ते खाली दिलंय. या वेळी मूर्धा बोलणार आहे. क्रम वरनं खाली, सेन्सरचा क्रम तोच:

ओठ, छाती
टाळू, छाती
कंठ, डावा खांदा
कंठ, डावा खांदा
(कुणालाच लागलं नाही)
कंठ, उजवा खांदा
मूर्धा, छाती

काना-मात्रा तुम्ही द्या. टिंबं दोन आहेत. उत्तर इथं लिहू नका.

नववीगल्ली

आईला वाचून दाखवलं. पेन्सिल पण घेतली नाही तिनं. शनिवारी आम्ही दोघं येतोय. ती विचारतेय की खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तर वरच भेटायचं ना?